तेवीस आणि तेवीस

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला कवी माणूस. शाळेत विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर कविता खरडायचो. पण पन्नाशीला आल्यावर गुणसूत्रांचा हिशेब शिकलो, तो आपासाठी. आपा म्हणजे माझी थोरली बहीण.

आपाला ३८व्या वर्षी मुलगा झाला. डॉक्टर म्हणाले, याला डाउन सिंड्रोम आहे, गुणसूत्रं ४७ आहेत. घरात कुणाला काही उमगलं नाही. अम्मी म्हणाली, ग्रहणात हिने सुरी हातात धरली असणार. तो ठपका आपाने वीस वर्षं निमूट सोसला. पुढे माझी मुलगी बारावीला गेली, तेव्हा मी तिचं जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं.

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रं असतात. शास्त्रज्ञ तरी कुठे चुकले नाहीत? कित्येक वर्षं ते ४८ धरून चालले होते. स्वीडनमध्ये तिजो आणि लेव्हान यांनी नीट मोजून ४६ सांगितली, ती १९५६ साली. ही ४६ म्हणजे २३ जोड्या; जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. अशी पेशी द्विगुणित. स्त्रीबीज आणि शुक्राणू मात्र एकगुणित, त्यांत २३च. नाहीतर ४६ नि ४६ मिळून ९२ झाली असती, आणि पुढच्या पिढीत त्याच्या दुप्पट!

अर्धी म्हणजे कुठलीही २३ नव्हेत. माझा भाचा ईदला मशिदीबाहेर सगळ्यांच्या चपला जोडीने लावतो. अशा २३ जोडांतली एकेकच चपला उचलायची, असं समजा. एखाद्या जोडातल्या दोन्ही आल्या, तर होतात २४. भाच्याचं बहुधा असंच झालं. २१ क्रमांकाची जोडी सुटलीच नाही. २४ नि २३, झाली ४७. हे जादा गुणसूत्र पॅरिसच्या संशोधकांनी १९५९ साली जगापुढे मांडलं.

पण मी अडखळलो तो पुढच्या पानावर. स्त्रीबीजांचं हे निम्मं होण्याचं काम मुलगी आईच्या पोटात असतानाच सुरू होतं आणि मध्येच थांबतं. पुढे सरकतं ते बीज बाहेर पडायच्या सुमारास. म्हणजे आपाचं ते बीज ३८ वर्षं थांबलेलं होतं. जितकं थांबणं लांबतं, तितका जोडी न सुटण्याचा संभव वाढतो. सुरीचा काही संबंध नाही. आणि सुरुवात झाली होती अम्मीच्याच पोटात!

आपा भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून म्हणाली, ‘‘अम्मीला ते शेवटचं सांगू नकोस. जिवाला लावून घेईल. सुरीचं तेवढं सांग.’’

मी तेवढंच सांगितलं. अम्मी आता हयात नाही, म्हणून आज सगळं बोलतो आहे. त्या दिवशी ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘इतकी वर्षं मला कुणी सांगितलं का नाही रे?’’ आणि उठून आपाच्या शेजारी चुलीपाशी जाऊन बसली.