कतारगामचे माहेर
(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



बाहेरगावी स्थायिक झालेल्यांनीही दोन शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही भावंडे थोडी संकोचलो. पन्नास वर्षे ज्यांनी येथे राहून पावत्या फाडल्या, मुलांना वह्या वाटल्या, आजाऱ्याच्या उशाशी रात्री काढल्या, त्यांनी बोलावे आणि आम्ही ऐकावे, हा खरा क्रम. आम्ही वर्षातून एकदा चार दिवस येणारे, हिंडूनफिरून आणि खाऊनपिऊन परत जाणारे पाहुणे. परंतु घरच्यांची आज्ञा मोडवत नाही, म्हणून उभे राहिलो आहोत.

आपल्यापैकी बहुतेकांची घरे मुळात खानदेशातली. आपण सुरतेस आलो ते पोटासाठी, हे खरे. पण आपल्या आधी आपली नदी येथे आली आहे. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली तापी भुसावळला व प्रकाशाला भेटून, सुमारे 724 किलोमीटरची वाट चालून येथे समुद्राला मिळते. तिच्याच खोऱ्यातून जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर, बारडोली अशी आगगाडी येते. नवापूरच्या फलाटावर अर्धे बाक महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत! लहानपणी आम्ही त्या बाकावर बसून एका वेळी दोन राज्यांत असल्याची ऐट मिरवीत असू. आमचे वडील याच गाडीने आले आणि कतारगामच्या एका खात्यात यंत्रमागावर उभे राहिले. अकाली वैधव्य आलेली आमची आत्या त्यांच्या पाठोपाठ आली. घर दोन खोल्यांचे. मागे एका गुजराती म्हाताऱ्या बांचे बिऱ्हाड. आम्ही ‘आत्या’ म्हणायचो, शेजारची मुले ‘फोई’ म्हणायची. ती दोन्ही हाकांना सारखीच ओ देई.

आज कतारगाम म्हटले की हिऱ्याच्या घंट्या आणि उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. परंतु सुरतेच्या जुन्या माणसाला आधी आठवते ती कतारगामची पापडी. तिच्यावाचून उंधियूला चव नाही, असे सुरती माणूस शपथेवर सांगेल. कंद, रताळी, मेथीची मुठिया, हिरवा लसूण हे सारे असले तरी मान पापडीचा. आता शेते गेली, पापडी दुरून येते, पण मंडईत भाजीवाली अजूनही ‘कतारगामनी’ म्हणूनच हाक देते. गाव नाहीसे झाले तरी त्याची चव नावात उरते, ती अशी.

हिवाळ्यात आलो की नदीपलीकडे अडाजणच्या बाजूला पोंक खाण्यास जाणे, हा आमचा ठरलेला नेम. कोवळ्या ज्वारीचे भाजून झोडलेले हिरवे दाणे, वर शेव आणि लसणाची चटणी. पहिल्या वर्षी वडिलांनी घास घेतला आणि हसून म्हणाले, “अरे, हा तर आपला हुरडाच की!” त्या दिवसापासून सुरत आम्हांस परकी वाटली नाही.

संध्याकाळी सिंगणपोरच्या कॉज-वेवर जाऊन बसायचे. एका अंगाला भरलेले पाणी, पलीकडे रांदेर. पावसाळ्यात नदी त्याच्यावरून वाहू लागली की रस्ता बंद, आणि लोक दुरून नुसती नदी बघायला जमतात.

कतारगाम दरवाजाजवळच्या जुन्या कबरस्तानांतही आम्ही मुलांना आवर्जून नेतो. 1664 साली शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा इंग्रजांची वखार लढविणारा जॉर्ज ऑक्सेंडन 1669 साली वारला. तो येथेच भावाशेजारी निजला आहे. इतिहासाच्या पुस्तकातला शत्रुपक्षाचा माणूस आपल्या गल्लीचा शेजारी निघावा, याची मुलांना फार मौज वाटते. जवळच डचांच्या कबरस्तानात व्हॅन रीड याची मोठी घुमटी आहे. तो 1691 साली मरण पावला. मलबारातील वनस्पतींवर त्याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. त्याच्या 1678 सालच्या पहिल्या खंडात कोचीच्या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. दूर देशीचा अधिकारी, पण ज्यांच्याकडून ज्ञान घेतले त्यांची साक्ष त्यांच्याच भाषेत नोंदवून गेला. उपकाराची नोंद कशी ठेवावी, हे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

उपकाराचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. ती आजवर आम्ही चारचौघांत बोललो नव्हतो.

सप्टेंबर 1994. गणपती नुकतेच गेले होते. कतारगामला लागून असलेल्या वेड रोड भागात प्लेगची बातमी उठली आणि एका रात्रीत गल्ल्या रिकाम्या होऊ लागल्या. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाले. लाखो माणसे शहर सोडून निघाली. वडिलांनी आम्हां तिघांना घेतले आणि आम्हीही निघालो. आत्या मात्र उंबऱ्यातच उभी राहिली. बा अंथरुणाला खिळलेल्या होत्या, आणि त्यांचा मुलगा परगावी. आत्या एवढेच म्हणाली, “तुम्ही जा. बांना पाणी कोण देईल?”

आम्ही पळालो. दुसरा शब्द वापरण्यात अर्थ नाही. गावी पोहोचलो तर ‘सुरतेहून आलेत’ म्हणून आम्हांस वेशीवरच थांबविले. काही दिवस शेतातल्या खोपीत काढले. महिनाभराने परतलो तेव्हा बा आणि आत्या दोघी ओट्यावर बसून तांदूळ निवडीत होत्या. आत्याने आम्हांस काही विचारले नाही, काही ऐकविले नाही. “भाकरी टाकू का?” एवढेच म्हणाली.

पुढे 1995 मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी शहराच्या स्वच्छतेची घडी बसविली. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळविला. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आम्ही तिघेही नोकरीच्या गावी सुखरूप होतो, आणि आत्या माळ्यावर बसून शेजारच्या पोरांना चुरमुरे वाटीत होती. शहर पुन्हा उभे राहिले. जे येथून हलले नाहीत, त्यांच्या पाठीवर ते उभे राहिले.

आता आमची खरी चूक. दरवर्षी आम्ही येतो आणि सहकुटुंब डुमसला जातो. काळी वाळू, गरम टमाटर भजी, मावळता सूर्य. दरवर्षी निघताना म्हणायचो, “आत्या दमेल, तिला राहू दे.” मागल्या हिवाळ्यात आमच्या धाकट्या मुलीने हट्ट धरला, म्हणून आत्याला गाडीत बसविले. डुमसला पोहोचल्यावर ती चपला हातात घेऊन पाण्याच्या दिशेने चालू लागली, आणि थांबून म्हणाली, “तुम्ही लहान होता तेव्हा एकदा आले होते. त्यानंतर आजच.” कतारगामपासून समुद्र फार तर 20-25 किलोमीटर, आणि तिची दुसरीच भेट! ती दमेल असे आम्हीच ठरविले होते. तिला कोणी विचारलेच नव्हते. भजीचा पुडा आमच्या हातातच राहिला.

बंधुभगिनींनो, अशा आत्या, काका, मावश्या आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांनी घर उघडे ठेवले, म्हणून आपल्याला माहेर उरले. संस्थेपुढे आमची एकच नम्र सूचना आहे. येथे राहणाऱ्या वृद्धांची एक यादी कार्यालयात असावी. बाहेरगावाहून जो कोणी चार दिवसांसाठी येईल, त्याने त्यातील एक संध्याकाळ आणि गाडीतील एक जागा त्या यादीतल्या एका वृद्धासाठी ठेवावी. कॉज-वेवर न्यावे, पोंक खाऊ घालावा, डुमसचे पाणी पायांना लागू द्यावे. आणि नेण्यापूर्वी विचारावे, “येता का?” यासाठी निधी लागत नाही, पावतीही लागत नाही. त्या यादीवर पहिली नावनिशी आम्ही भावंडांनी आजच केली आहे.

आत्या समोर बसली आहे. एवढे बोलल्याबद्दल ती घरी गेल्यावर रागावेल. तो राग आम्ही आनंदाने सोसू.