आधी आज्जीचा उतारा, मग ८६५ गावं

मित्रांनो, पॉडकास्ट सुरू केलात, छान. पण पहिलंच वाक्य '८६५ गावांवर अन्याय' असं असेल तर खानापूरचं पोरगंसुद्धा पुढं सरकवतंय. आकडा त्याला पाठच आहे की! त्यापेक्षा असं सुरू करा: "आज्जीच्या हातात तिच्याच शेताचा उतारा आहे, कन्नडमधला. तो वाचून घ्यायला ती कुणाकडं जाईल?" ऐकणारा थांबतो. उत्तर लगेच देऊ नका. आज्जीला बोलू द्या, तिच्याच बोलीत. मग १७ जानेवारी १९५६ चा गोळीबार सांगा, २००४ पासूनचा सुप्रीम कोर्टातला दावा सांगा. 'भीषण', 'संतापजनक' हे शब्द मात्र काढूनच टाका. शेवटी विचारा: तुमच्या घरचा उतारा कोण वाचतं? उत्तरं आवाजात मागवा. पुढचा भाग तिथूनच सुरू करता येईल.