वकिलाशिवाय प्रतिवादी

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. अमेरिकेंतील ऋणकोच्या बाबतींत ती नेमकी उलटी पडते. तेथें जो पायरी चढत नाहीं तोच बुडतो. 'प्यू' या संस्थेच्या २०२० सालच्या अहवालाप्रमाणें, जेथील आंकडे मिळाले तेथें कर्जवसुलीच्या दाव्यांपैकीं शेंकडा ७० हून अधिक दाव्यांचा निकाल एकतर्फी लागला होता. वकील दिलेले प्रतिवादी शेंकडा १० हूनहि कमी.

हा दावा पुष्कळदां मूळ बँकेचा नसतोच. समजा, न्यूयॉर्कमधील एका परिचारिकेच्या क्रेडिट कार्डावर २,००० डॉलर थकले. बँक कांहीं महिन्यांनीं तें येणें बुडीत म्हणून लिहून टाकते आणि हजारों खात्यांच्या गठ्ठ्यांत घालून विकते. फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी मंडळाच्या २०१३ सालच्या पाहणींत असे खरेदीदार डॉलरमागें सरासरी ४ सेंट देत असल्याचें आढळलें. म्हणजे या येण्याची किंमत सुमारें ८० डॉलर! खरेदीदाराच्या हातीं बहुधा नांवें, पत्ते व रकमा यांची यादीच पडते. करारनामा नाहीं, हिशेबाचे कागद नाहींत. त्याचा सारा भरंवसा प्रतिवादी गप्प बसेल यावर. एकतर्फी हुकूमनामा झाला कीं पगारावर जप्ती आणतां येते.

म्हणून समन्स मिळतांच प्रथम मुदत मोजावी. न्यूयॉर्क राज्यांत समन्स प्रत्यक्ष हातीं दिलें असेल तर २० दिवस, अन्य रीतीनें बजावलें असेल तर सामान्यतः ३०. कैफियतीस पांडित्य लागत नाहीं. कोर्टाचे छापील नमुने मिळतात. फिर्यादींतील एकेक कलम मान्य, अमान्य, किंवा माहितीअभावीं अमान्य, एवढें सांगावयाचें. खोटें लिहूं नये. त्याची गरजहि नसते. खातें याच व्यक्तीचें, रक्कम बरोबर, आणि तें खातें हस्तें परहस्तें आपल्याकडेच आलें, हें सारें वादीनें सिद्ध करावयाचें असतें. अमुक गठ्ठा विकला, एवढ्या खरेदीखतावरून हेंच खातें त्यांत होतें असें ठरत नाहीं.

एक मुद्दा मात्र प्रतिवादीनेंच काढावा लागतो, तो मुदतबाह्यतेचा. न्यूयॉर्कनें २०२१ सालीं केलेल्या कायद्यानें अशा दाव्यांची मुदत ६ वर्षांवरून ३ वर्षांवर आणली. हा बचाव वेळेवर घेतला नाहीं तर तो गमावला जातो. इतर पुष्कळ राज्यांत तर गोड बोलण्यास भुलून दिलेले दहा डॉलरहि मुदत नव्यानें चालू करूं शकतात.

खरोखर घेतलेलें कर्ज नाकारणें सज्जनास शोभतें काय, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु बँकेचें ऋण एक, आणि यादी विकत घेणाऱ्यानें व्याज व खर्च चढवून मागितलेली रक्कम दुसरी. ती पैनपै दाखवून द्या, असें म्हणण्यांत अप्रामाणिकपणा नाहीं. शिवाय कित्येकदां नामसाम्यामुळें भलत्याच माणसावर दावा लागतो.

सुनावणीच्या दिवशीं वादीचा वकील बाहेर व्हरांड्यांतच तडजोडीचा कागद पुढें करतो. तो नीट वाचल्यावांचून सही करूं नये. पुरावा नसला कीं वादी दावा काढून घेऊं पाहतो. अशा वेळीं तो पुन्हां दाखल करतां येणार नाहीं अशा शर्तीवरच काढावा, अशी न्यायाधीशांस विनंती करावी. एरव्हीं तेंच खातें तिसऱ्याला विकलें जाऊन नवें समन्स दारांत येऊं शकतें.