गुलाब घेताना मे महिना आठवा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गुलाबाचे रोप आपण बहुधा डिसेंबर-जानेवारीत विकत घेतो. हवा थंड असते, हातगाडीवरच्या प्रत्येक पिशवीत एकेक टपोरे फूल डोलत असते. आपण रंग पाहतो, वास घेतो, भाव करतो आणि रोप घरी आणतो. फेब्रुवारीपर्यंत सारे छान चालते. मग एप्रिल लागतो, पाने कडेने करपू लागतात आणि नवतपा संपता संपता कुंडीत एक काळी काडी उरते. पुढच्या डिसेंबरात पुन्हा हातगाडी असतेच!

२ जून २००७ रोजी चंद्रपुरात ४९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. एरवीही मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जाणे आपल्याला नवे नाही. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीकडे गुलाब निवडताना फूल नंतर पाहावे, आधी मे महिना आठवावा, असे मी भेटेल त्याला सांगत असतो.

हल्ली रोपे घरबसल्या मागवता येतात. त्यांच्या वर्णनात ‘हार्डी’ हा शब्द फार असतो. बल्लारपूरच्या एका परिचितांनी हा शब्द वाचूनच डझनभर झुडपी गुलाब मागवले होते. हार्डी म्हणजे काटक, हे खरे. पण कशापुढे काटक? गुलाबाची बरीच पुस्तके युरोप-अमेरिकेत लिहिली गेली आणि तिथे हार्डी म्हणजे थंडी सोसणारा. कॅनडाच्या सरकारी कृषी संशोधकांनी ‘एक्सप्लोरर’ नावाची गुलाबमालिकाच तयार केली. उणे तीस अंशांच्या आसपास टिकणारी ती झुडपे, बर्फाखाली झोपतात आणि वसंतात उठतात. त्यांना झोपायला थंडी लागते. आपल्याकडची थंडी म्हणजे त्यांच्या दृष्टीने दुपारची डुलकी. बल्लारपूरच्या त्या डझनातली दोन झुडपे पावसाळा पाहू शकली.

तरीही त्या थंड देशांच्या बागवानांकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. ते शक्यतो स्वतःच्या मुळावर वाढलेला गुलाब पसंत करतात. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक गुलाब डोळा भरलेले असतात. खाली रानटी गुलाबाचा खुंट, वर हव्या त्या जातीचा डोळा. बर्फाने असो वा उन्हाने, वरचा भाग मेला की खालून फूट येते ती खुंटाची. घरचे खूश होतात, झाड जगले म्हणून. पण गुलाब गेलेला असतो. फांदी लावून वाढवलेले झाड जमिनीपर्यंत करपले, तरी मुळातून येणारी फूट त्याच जातीची असते. ज्या गावात दर उन्हाळ्यात झाड निम्मे जळणार आहे, तिथे हा फरक साधा नाही.

आता नावे सांगतो. पहिला मान गावठी गुलाबाला, ज्याला रोपवाटिकावाले ‘एडवर्ड’ म्हणतात. इंग्लंडच्या राजाशी याचा संबंध जोडू नये. हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनवर, कुंपणाला लावलेल्या दमास्क आणि चिनी गुलाबांचा आपोआप संकर होऊन हा वंश निपजला असे मानले जाते. तिथले त्याचे नाव ‘रोझ एदुआर’. त्याचेच आपण एडवर्ड केले. गुलाबी रंग, भरपूर वास, गुलकंदाला उत्तम आणि फांदी खोचली की जगतो. फूल दुपारपर्यंत गळते ही तक्रार मी ऐकतो. पण देवाला सकाळीच वाहायचे ना?

दुसरा आहे ‘ग्रूस आन टेप्लिट्झ’. उच्चाराला अवघड, माळ्याला ‘लाल सुवासिक, मान टाकणारा’ म्हणून सांगा. याची गोष्ट आपल्या जंगलजिल्ह्यांना जवळची वाटावी. रुडॉल्फ गेश्विंड हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यातले वन अधिकारी. कडक हिवाळ्यात टिकतील असे गुलाब निपजवण्यात त्यांनी आयुष्य घालवले. त्यांचा हा गुलाब १८९७ मध्ये बाजारात आला आणि थेट हिंदुस्थानच्या मैदानी उन्हात रुजला. याच्या अंगात चिनी गुलाबाचे रक्त आहे. बारमाही फुलणे आणि ऊन सोसणे हे त्या घराण्याकडून आलेले.

फुलदाणीसाठी लांब दांड्याचा हवाच असेल, तर १९५५ चा ‘ग्लॅडिएटर’. पॉलीहाउस येण्यापूर्वी महाराष्ट्रातले शेतकरी उघड्या शेतात मुख्यतः हाच लावत. घोसाने फुलणाऱ्यांत पांढरा ‘आइसबर्ग’ आणि आपल्या देशात तयार झालेला ‘दिल्ली प्रिन्सेस’. तो दिला डॉ. बी. पी. पाल यांनी. हे गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. आणि फावल्या वेळात गुलाब! पुढे कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन यांनी ‘रोझा क्लायनोफिला’ हा आपल्याच नदीकाठचा, पुरात उभा राहणारा रानगुलाब संकरासाठी घेतला. उष्ण देशासाठी उष्ण देशातलाच वंश वापरावा, हा विचार मला फार पटतो. ही रोपे मात्र आपल्या बाजारात सहजी दिसत नाहीत.

आता पाण्याचे बोलू. नळ दिवसाआड येतो तेव्हा गुलाबावर बादल्या ओताव्यात का, असे एका बाईंनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की वीस कुंड्यांऐवजी चार झाडे जमिनीत लावा. कुंडीची भिंत तापते आणि मुळे उकडून निघतात. जमिनीतल्या झाडाच्या बुडाशी धानाचे तणस वीतभर जाड पसरा. आपल्याकडे ते मुबलक. पण आधी निंबोळी ढेप मातीत मिसळा, नाहीतर उधई तणसासोबत झाडही खाते. मग आठवड्यातून दोन-तीनदा, पहाटे, खोलवर पाणी पुरते. दुपारच्या उन्हापासून आडोसा द्या. पश्चिमेला शेवगा किंवा हिरवी जाळी चालेल. एप्रिल-मेमध्ये छाटणी नको, खत नको, फुलांची अपेक्षाही नको. कळी आली तर खुडून टाका. झाडाने फक्त जगावे.

उन्हातून वाचलेले झाड पावसात मरते, हेही आपल्याकडेच. काळ्या मातीत जुलैचे पाणी तुंबते आणि मुळे कुजतात. म्हणून गुलाब वाफ्यात नव्हे, वीतभर उंच गादीवर लावावा. ऑगस्टमध्ये पानांवर काळे ठिपके येतात. ती पाने वेचून जाळावीत. कोळशाच्या धुळीच्या आणि राखेच्या भागात राहणाऱ्यांनी कोरड्या दिवसांत सकाळी पाने धुवावीत, त्याने लाल कोळीही आटोक्यात राहतो. छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस पुरता गेल्यावर. कापलेल्या टोकांना बोर्डो मलम लावा, म्हणजे फांदी शेंड्याकडून वाळत येत नाही. दीड-दोन महिन्यांत फुले येतात.

राहता राहिला प्रश्न, रोप आणायचे कुठून? जुन्या वस्तीत फिरा. मूल, ब्रह्मपुरी, आरमोरीकडे जुन्या घरांच्या आवारात, देवळामागे एखादे जुनाट झुडूप दिसेल, ज्याला कुणी मुद्दाम खत घालत नाही. किती उन्हाळे काढले ते घरच्या आजींना विचारा आणि मृगाचा पाऊस पडला की त्यांच्याकडून पेन्सिलीएवढ्या जाड चार फांद्या मागून आणा. तिरपा काप घ्या, खालची पाने काढा, सावलीत रेताड मातीत निम्म्या खोचा. चारातल्या दोन तरी लागतात. आजींनी कलमाचे पैसे घेतल्याचे मी अजून ऐकलेले नाही; चहा मात्र प्यावा लागतो.