हरणासाठीं गोळी

ऐकणारांपैकीं बहुतेकांनीं रायफल कधीं हातांत धरली नसेल. भारतांत हरणाची शिकार कायद्यानें बंदच आहे. परंतु स्कॉटलंडांत लांडगे नाहींसे झाल्यामुळें हरणांची संख्या आजहि बंदुकीनेंच आटोक्यांत ठेवावी लागते. आणि तेथें शिकाऱ्याची खरी परीक्षा नेमापूर्वींच, गोळीच्या निवडींत होते.

गोळी जितकी कठीण तितकी चांगली, हा समज हरणाच्या बाबतींत अगदीं चुकीचा आहे. संपूर्ण कवचाची लष्करी गोळी अंगांतून सुईसारखी आरपार निघून जाऊं शकते. जनावर पळतें, झाडींत शिरतें आणि कित्येक तास तडफडून मरतें. म्हणून टोंकाशीं मऊ किंवा पोकळ अशी गोळी घ्यावयाची. खांद्यामागें, फुप्फुसांच्या जागीं, ती शिरतांच छत्रीसारखी उमलते आणि हरीण थोड्याच क्षणांत कोसळतें.

अशाच गोळीला 'दमदम' हें कुप्रसिद्ध नांव मिळालें तें कलकत्त्याजवळच्या लष्करी कारखान्यावरून. १८९९ सालीं हेगच्या परिषदेनें युद्धांत ती निषिद्ध ठरविली. उलट स्कॉटलंडच्या १९८५ च्या नियमानें हरणासाठीं उमलणारीच गोळी सक्तीची केली. त्या नियमानें मोठ्या हरणाकरितां तिचें वजन निदान १०० ग्रेन, म्हणजे सुमारें साडेसहा ग्रॅम, आणि वेग सेकंदाला २४५० फूट ठरविला होता. हा विरोध दिसतो तेवढा खरा नाहीं. जखमी शिपायाला डॉक्टर मिळण्याची आशा असते. जखमी हरणाला झुडपाखेरीज कोणी नाहीं.

मात्र शिशाची गोळी उमलतांना तिचे बारीक कण जखमेपासून दूरवर मांसांत पसरतात. ते दांताखालींहि येत नाहींत, पण घरच्या मुलांच्या पोटांत जातात. शिकारी टाकून देतो त्या आंतड्यांवर गिधाडें जगतात. कॅलिफोर्नियांतील कॉन्डॉर हा महाकाय पक्षी १९८२ सालीं अवघा २२ उरला होता, आणि शिशाची विषबाधा हें त्याच्या मरणाचें एक प्रमुख कारण आहे. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यांत कोणत्याहि वन्य प्राण्याच्या शिकारीला शिशाची गोळी चालत नाहीं.

पर्याय निव्वळ तांब्याचा. जुने शिकारी त्याला नांवें ठेवतात, तीं सर्वस्वीं निराधार नाहींत. तांबें शिशाहून हलकें, त्यामुळें तितक्याच वजनाची गोळी लांब होते व प्रत्येक नळीला ती मानवतेच असें नाहीं. शिवाय तें कठीण. वेग मंदावला कीं गोळी नीट उमलत नाहीं. यावर तोड अशी कीं, थोडी हलकी पण वेगवान गोळी घ्यावी आणि फार दुरून बार टाकूं नये. एकाच मापाचीं दोन काडतुसें एकाच रायफलींतून निरनिराळ्या जागीं लागतात. तेव्हां डब्यावरील चित्रावर न विसंबतां रानांत जाण्यापूर्वीं कागदी निशाणावर चार-सहा बार टाकून पाहावे, आणि नेम त्या गोळीप्रमाणें बसवून घ्यावा.