यंत्राचे वाचन आणि शुद्धिपत्र



जुन्या मराठी ग्रंथांच्या अखेरीस पुष्कळदा शुद्धिपत्र नावाचे एक पान असे. अशुद्ध काय छापले गेले आणि शुद्ध काय वाचावे, हे पृष्ठ व ओळ देऊन त्यात सांगितलेले असे. आज तेच ग्रंथ स्कॅन होत आहेत, आणि पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखण्याचे काम संगणक करीत आहे. या यंत्रवाचनालाही शुद्धिपत्राची गरज आहे, एवढेच आम्हांस आज मांडावयाचे आहे.

चुका होतात कशा? यंत्र आकार पाहते. कागद पिवळा पडलेला, शाई पसरलेली, खिळा झिजलेला. अशा पानावर 'भरण'चे 'मरण' होते. घ आणि ध यांत मुख्य फरक शिरोरेखेच्या एका तुकड्याचा. तो पुसला की 'घन'चे 'धन' होते. ख चे दोन भाग सुटे दिसले की 'खाना' 'रवाना' होतो. लिपिसुधारकांनी ख चे पाय जोडले ते याच घोटाळ्यासाठी. पण जुने खिळे त्यापूर्वीचे.

अनुस्वाराची गोष्ट याहून नाजूक आहे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकात 'तें आलें' म्हणजे एखादे मूल आले, आणि 'ते आले' म्हणजे पुरुषमंडळी आली. यंत्राने टिंब गाळले की लिंग आणि वचन दोन्ही बदलतात. उलट, कागदावरचा धुळीचा कणही अनुस्वार ठरू शकतो.

निरर्थक शब्द झाला तर तो डोळ्यांना खुपतो. खरी भीती अर्थ लागणाऱ्या चुकीची. अलीकडील यंत्रे एकेक अक्षर तोडून न पाहता सबंध ओळ वाचतात. 'टेसरॅक्ट' या मुक्त प्रणालीने २०१८ साली ही पद्धत घेतली. वाचन पुष्कळ सुधारले. परंतु अक्षर अंधुक असेल तेथे यंत्र शिकवणीत वारंवार पाहिलेल्या रूपाकडे झुकते. म्हणजे जुने, दुर्मिळ रूप जाऊन त्या जागी परिचित शब्द येऊन बसतो, आणि वाचकाला संशयही येत नाही.

हिशेब करून पाहा. पानावर दीड हजार अक्षरे धरली आणि शंभरांतील नव्याण्णव बरोबर आली, तरी पानामागे पंधरा चुका राहतात. दोनशे पानांच्या ग्रंथात तीन हजार. अभ्यासक संगणकावर एखादा शब्द शोधतो, तो सापडत नाही, आणि तो शब्द त्या काळी नव्हताच असे अनुमान निघते.

उपाय जुनाच आहे. मराठी विकिस्रोतावर पानाचे चित्र आणि मजकूर शेजारी शेजारी ठेवतात. एकाने तपासलेले पान दुसऱ्याने पुन्हा पाहावे, अशी तेथे पद्धत आहे. मुद्रितशोधकाचा हा धर्म आपणही पाळू शकतो. गावोगावच्या ग्रंथालयांनी स्कॅन झाले म्हणून मूळ प्रत रद्दीत काढू नये. मजकुरापासून चित्र तोडू नये. आणि ज्याला जुनी मराठी वाचता येते त्याने आठवड्याला दोन पाने ताडून पाहावीत.

यंत्राने वेग दिला आहे. खरे-खोटे पाहण्याची जबाबदारी अजून आपल्याकडेच आहे.