मोटार का जळाली? संगणकावर शोधू या

(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



मी कृषिविद्येचा प्राध्यापक विजेबद्दल बोलतो याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ऐन उन्हाळ्यात मोटार जळाली की पाण्याच्या पाळ्या चुकतात आणि हातचे पीक जाते. आमच्या घरच्या विहिरीवरील मोटार एका हंगामात दोनदा जळाली. दोन्ही वेळा वाइंडिंग करून आणले. ‘ती का जळाली?’ हे कोणीच विचारले नाही, मीही नाही.

आपली मुले-मुली आयटीआय किंवा पदविकेला विजेची सूत्रे पाठ करतात. ती पहिली पायरी. बेंजामिन ब्लूम व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये ज्ञान, आकलन, उपयोजन, पृथक्करण, संश्लेषण व मूल्यमापन अशा सहा पायऱ्या मांडल्या. जळण्याचे कारण शोधणे आणि उपाय निवडणे हे वरच्या पायऱ्यांचे काम. पण त्यासाठी वर्गात खऱ्या मोटारी जाळता येत नाहीत. संगणकावर मात्र यंत्रणेची प्रतिकृती करून शंभर वेळा चूक करता येते. विद्युत मंडलांसाठी असा ‘स्पाइस’ हा प्रोग्राम अमेरिकेत बर्कले येथे १९७३ च्या सुमारास तयार झाला.

एक उदाहरण घेऊ. ५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार ४१५ व्होल्टवर साधारण ७.५ अँपिअर घेते. डीपी ते विहीर ३०० मीटर. तांब्याची २.५ चौ.मि.मी. केबल असेल तर वाटेत सुमारे २३ व्होल्ट घटतात, ४ चौ.मि.मी. असेल तर सुमारे १४. थेट स्टार्टरने चालू करताना मोटार सुमारे सहापट करंट ओढते, तेव्हा ही घट कितीतरी वाढते. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. व्होल्टेज ८० टक्के उरले तर जोर ६४ टक्केच! मोटार नुसती घुमते, फिरत नाही, करंट चढलेलाच राहतो आणि वाइंडिंग जळते.

शिक्षकाने हे उत्तर आधी सांगू नये. विद्यार्थ्याने प्रथम अंदाज लिहावा, मग संगणकावर पडताळावा. नंतर त्याच डीपीवर ऑटो स्विचचे वीस पंप एकदम सुरू करून पाहावेत. आता प्रश्न एकट्याच्या केबलचा राहत नाही. पंप पाळीने सुरू करावेत, कपॅसिटर बसवावेत की डीपीची क्षमता वाढवून घ्यावी? खर्च कोणाचा, फायदा कोणाचा? येथे खरा विचार सुरू होतो.

कोलोरॅडो विद्यापीठातील, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संगणकावर मंडल जोडायला शिकलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे खरे मंडलही इतरांपेक्षा चांगले जोडले. तरी एक सावधगिरी हवी. सैल जोड किंवा उंदराने कुरतडलेली वायर संगणकाला आपोआप दिसत नाही. म्हणून शेवटचा पाठ विहिरीवर, मीटर लावूनच व्हावा.

यापुढे मोटार जळाली तर वाइंडिंगला टाकण्यापूर्वी केबलची जाडी व लांबी लिहून ठेवा. नवी जोडणी होताच परवानाधारक वायरमनकडून स्टार्टरवर, मोटार सुरू होताना व चालू असताना, व्होल्टेज मोजून घ्या. ते आकडे आपल्या शिकणाऱ्या मुला-मुलीच्या हाती द्या आणि कारण विचारा.